दामूदादा, ती ओळ तुमची होती

दामूदादा, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी रडले नाही. आधी मला तुमच्या कॉम्प्युटरवरचा तो फोल्डर आठवला.

माझ्या नावाचा फोल्डर. नुसतं ‘शलाका’. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही चहा आणायला उठलात आणि स्क्रीन लॉक करायला विसरलात, तेव्हा मला तो दिसला होता. तुम्ही, आणि स्क्रीन लॉक करायला विसरणार? टपरीवर जाताना ड्रॉवरला कुलूप घालून पुन्हा ओढून बघणारा माणूस? तेव्हापासून मी विचार करत होते की तुम्ही विसरलात, की मला दिसावा म्हणूनच स्क्रीन उघडी ठेवलीत.

मंदारचा फोन आला सकाळी आठला. “शलाका, दामूदादा गेले. जेटीवर भावाची होडी बघायला गेले होते, तिथंच बसले. उठलेच नाहीत.” मी “अरे देवा” म्हटलं, आणि पुढच्याच क्षणी मनात आलं, आता तो फोल्डर कोण उघडणार? हे लिहायला मला लाज वाटते. पण तुमच्याविषयी गोड गोड लिहिलं तर ते खोटं आहे हे सगळ्यात आधी तुम्हीच ओळखाल, म्हणून झालं तसं लिहिते.

सुनंदावहिनी हे वाचणार आहेत. बाराव्याला मी सारसोळ्याला तुमच्या घरी गेले, तेव्हा पानं उठल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, “तू दर महिन्याला यायचीस. मंग तीन महिने का नाय आलीस? तुझं नि त्यांचं काय झालं होतं? ते सांगायचे, पन मला त्यातलं कळायचं नाय. आनि अर्धं ते सांगायचेच नाय.” मला तिथे बोलता आलं नाही. लिहून देते म्हटलं. तेव्हा दादा, तुम्हाला पाठ असलेल्या काही गोष्टी मी इथे सोप्या करून पुन्हा सांगणार आहे. चिडू नका.

सहा वर्षांपूर्वी बेलापूरच्या त्या ऑफिसात मी पहिल्यांदा आले, तेव्हा तुम्ही मला काय विचारलंत आठवतं? नाव नाही, गाव नाही. “कोनाच्या ओळखीनं आलीस?” मी म्हटलं, इंटरव्ह्यू देऊन आले. तुमचा विश्वास बसला नाही. तुम्ही मला एक छोटा प्रोग्रॅम दिलात आणि म्हणालात, यात चूक हाय, शोध. मी दुपारपर्यंत दोन चुका शोधल्या. तुम्ही एकच घातली होती. “दुसरी कुठनं आली?” असं म्हणत तुम्ही संध्याकाळपर्यंत त्या कागदाकडे बघत बसला होतात. दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त आली. वर सुकी करंदी. आमच्या सातारच्या घरात मासे शिजत नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. खाल्लं, आणि आवडलं.

तुमचा संशय सगळ्यांना त्रास द्यायचा, मला नाही. तुमची आई नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. तुम्ही सांगायचात, ती स्वतः दुसऱ्याकडून मासा घ्यायची तेव्हा कल्ला उघडून लाल बघितल्याशिवाय पैसे काढायची नाही, मग समोर सख्खी बहीण का बसलेली असेना. तुम्ही कोड तसाच वाचायचात. लिफ्टही तशीच. नवीन डॉक्टरही तसाच. एवढ्या सगळ्यावर संशय घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीतलं दुखणं मात्र ‘ॲसिडिटी हाय’ म्हणून सोडून दिलं, याचा मला अजून राग येतो.

तर वहिनी, आमचं काम असं होतं. नवी मुंबईतल्या छोट्या छोट्या लॅबमधून पेशंटचं नाव, मोबाईल नंबर आणि तपासणीचे निकाल आमच्या सर्व्हरकडे यायचे. सर्व्हर लॅबला लगेच ‘मिळालं’ असं कळवायचा, आणि मग मागच्या बाजूला सावकाश रिपोर्ट बनवून पेशंटच्या मोबाईलवर पाठवायचा. हे सगळं ज्या तयार सांगाड्यावर उभं होतं त्याला म्हणतात फ्रेमवर्क. त्यावर आमचं काम दादांनी दहा वर्षांपूर्वी उभं केलं. आणि बाहेरून आलेला निरोप दारात घेऊन फ्रेमवर्कच्या हातात द्यायचं काम जी करते, ती एचटीटीपी लायब्ररी. फ्रेमवर्कबरोबर त्याची स्वतःची एक येतेच. आमची तीच होती. खात्रीची, पण मंद. रोज अकराच्या सुमाराला सगळ्या लॅब एकदम निकाल पाठवायच्या, सर्व्हर अडकायचा आणि आमचे फोन वाजायला लागायचे.

मी दुसरी लायब्ररी शोधून काढली. कितीतरी पट वेगवान. अडचण एवढीच होती की आमचं फ्रेमवर्क तिच्यासाठी बनलेलं नव्हतं. दोघांच्या मध्ये बसेल असा एक कोड लिहायला लागणार होता. आम्ही त्याला ‘जोड’ म्हणायला लागलो.

तुम्ही पहिल्याच मिटिंगमध्ये हात वर केलात.

“एवढी फास्ट कशी काय?”

मी म्हटलं, “चांगली लिहिलीय म्हणून.”

“ते नाय. काम तेच हाय ना? मंग वेळ वाचला म्हनजे कुठंतरी काहीतरी करायचं सोडलंय तिनं. काय सोडलंय ते सांग.”

“दादा, सगळं जग वापरतंय ती.”

“जग वापरतंय म्हनजे जगानं उघडून बघितलंय असं नाय.”

सगळे हसले. मीही हसले. मग तुम्ही म्हणालात, जोड मी लिहितो. माझं हसू तिथेच थांबलं. ज्याला नवी लायब्ररी नको आहे, त्यालाच जोड कशाला लिहायची आहे?

तुमच्यावर मी संशय घ्यायला तिथे सुरुवात केली. तोपर्यंत आपण दोघं मिळून जगावर संशय घेत होतो.

पहिल्या आठवड्यातली चाचणी झकास झाली. सर्व्हर नुसता पळत होता. दुसऱ्या आठवड्यात तोच सर्व्हर जुन्यापेक्षा जेमतेम बरा. मी काही बदललं नव्हतं. कोडमध्ये कोणी काय बदललं याची नोंद राहते, ती मी काढून बघितली. तुम्ही एक ओळ घातली होती. दारात आलेल्या प्रत्येक निरोपाची आधी पूर्ण नक्कल काढायची, आणि मगच ती पुढे द्यायची. वेग जात होता तो त्या नक्कल काढण्यात. नोंदीत कारण लिहिलं होतं: ‘सुधारणा’. बस.

मी तुमच्या टेबलाशी आले. “दादा, ही ओळ कशाला?”

तुम्ही स्क्रीनवरून नजर काढली नाहीत. “राहू दे तिथं.”

“पण का?”

“अजून खात्री नाय. खात्री झाली की सांगतो.”

“कशाची खात्री? लायब्ररी पाडायची?”

मग बघितलंत माझ्याकडे. शांतपणे विचारलंत, “तुला माझी खुर्ची पायजे काय?”

दादा, तुम्ही हे बोलायला नको होतं. आणि मी त्यानंतर जे केलं ते करायला नको होतं. दोन्ही खरं आहे. मी तशीच मंदारच्या केबिनमध्ये गेले आणि आमच्या त्या तरुण मालकाला सांगितलं, “दादा मुद्दाम सर्व्हर स्लो करतायत. त्यांचं जुनं जाऊ नये म्हणून. त्यांचं आता काही खरं मानू नकोस.” हेच शब्द. मला ते पाठ आहेत.

मंदारने दुसऱ्या दिवशी जोड तुमच्याकडून काढून माझ्याकडे दिली. बाराव्याला वहिनी म्हणाल्या की त्या दिवशी तुम्ही घरी जाऊन जेवला नाहीत. जाळं शिवायला बसलात भावाबरोबर, कित्येक वर्षांत बसला नव्हतात तसे, आणि वहिनींनी तीनदा हाक मारली तरी उठला नाहीत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी म्हटलं असतं, नाटक.

मी ती ओळ काढली. सर्व्हर पुन्हा पळायला लागला. सोमवारी नवी लायब्ररी खऱ्या कामाला लावली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, एकही फोन नाही. मंदारने सगळ्यांसाठी सामोसे मागवले. तुम्ही तुमचा सामोसा फोडून आतली भाजी बघत होतात, आणि मला वाटलं, हा माणूस आता सामोशातसुद्धा माझी चूक शोधतोय.

गुरुवारी पहिला फोन आला. नावड्याच्या लॅबमधून, रेश्माचा. एका म्हाताऱ्या माणसाच्या शुगरच्या रिपोर्टवर भलत्याच बाईचं नाव होतं. मी म्हटलं, “तुझ्याकडून टाइप करताना चुकलं असेल.” ती म्हणाली, “मॅडम, मी तीनदा बघते.” मी ऐकलं नाही. तिच्या डॉक्टरांनाही तेच सांगितलं. ती पोरगी बोलणी खाऊन बसली.

शनिवारी दुसरा फोन. उलव्याहून. तो मी कधी विसरणार नाही.

तिशीतली एक बाई नोकरीसाठी साध्या तपासण्या करायला लॅबमध्ये गेली होती. शुक्रवारी दुपारी तिला दोन रिपोर्ट आले. एक साधा, सगळं ठीक असलेला. दुसरा गाठीच्या तपासणीचा, त्यावर कॅन्सर लिहिलेला. दोन्हींवर तिचं नाव. तिची गाठ कधी तपासलीच नव्हती. पण तिला वाटलं, रक्तातूनच काहीतरी सापडलं असेल आणि लॅबने पुढची तपासणी केली असेल. दोन रिपोर्टांतला तिने वाईट तो खरा मानला. माणूस मानतोच. नवऱ्याला न सांगता ती एक अख्खा दिवस ते मनात घेऊन घरात वावरली. स्वयंपाक केला, मुलीचा अभ्यास घेतला. शनिवारी सकाळी लॅबमध्ये जाऊन तिने एवढंच विचारलं, “किती दिवस आहेत?”

आणि ज्याचा तो रिपोर्ट होता, तो माणूस घरी मोबाईल बघत बसला होता. त्याला काहीच आलं नव्हतं.

मी फोन ठेवला आणि कोड उघडला. आता मला समजलं, त्या लायब्ररीनं काय करायचं सोडलंय ते. ती लायब्ररी वेग वाचवते तो असा, की प्रत्येक निरोपासाठी नवा डबा घेत नाही. सर्व्हरने ‘मिळालं’ म्हटलं की तोच डबा रिकामा करून त्यात पुढच्या पेशंटचं नाव घालते. आमचा कोड निकाल आधीच उचलून ठेवायचा, पण नाव आणि नंबर रिपोर्ट बनवताना, म्हणजे नंतर, त्याच डब्यातून घ्यायचा. तोवर डब्यात दुसरंच माणूस असायचं. गर्दी कमी असली तर काही होत नसे. म्हणून माझ्या चाचणीत कधी दिसलं नाही. यावर उपाय एकच. आलेल्या निरोपाची आधी पूर्ण नक्कल काढायची.

तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, ॲसिडिटी म्हणून. मी ती ओळ परत घातली. तुमची, जशीच्या तशी. माझ्या नावावर. नोंदीत लिहिलं: ‘सुधारणा’. मंदारला म्हटलं, लायब्ररीत बग होता, मी काढला. मग उलव्याच्या त्या बाईला फोन केला. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, “मग तो रिपोर्ट कोणाचाय? त्यांना सांगितलं का?”

सोमवारी तुम्ही आलात. कोड उघडलात. मी माझ्या जागेवरून बघत होते. तुम्ही नोंद वाचलीत, तुमची मान जराशी हलली. मग उठून माझ्याकडे आलात आणि म्हणालात, “चहा घेनार काय?”

एवढंच. त्या चहाने माझी झोप घालवली. तुम्ही चिडायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. गप्प का बसलात? कशासाठी राखून ठेवताय? पुढचे तीन महिने तुम्ही मंदारशी बोललात की मी कान द्यायचे. तुम्ही प्रिंटर लावला की मी कागद बघायचे. करंदीचा डबा पुढे केलात तर पोट बिघडलंय म्हणायचे. सारसोळ्याला येणं बंद केलं. आणि मग तो फोल्डर दिसला, ‘शलाका’ नावाचा, आणि माझी खात्रीच पटली.

बाराव्यानंतर दोन दिवसांनी मंदार म्हणाला, “दादांच्या मशीनवरून कामाचं काय ते काढून घे.” दुपारी ऑफिसात सगळ्यांसमोर मी तुमच्या खुर्चीत बसले आणि फोल्डर उघडला.

त्यात चाचण्या होत्या. जोड तुमच्याकडून काढून घेतल्यानंतरही तुम्ही त्या करत राहिला होतात. खोटे पेशंट बनवून त्यांचे निरोप सर्व्हरवर भरमसाट सोडायचे. पेशंटांची नावं: बोंबील, सुरमई, मांदेली, पापलेट, करंदी. मला हसू आलं आणि मग रडू आलं, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. शेवटच्या चाचणीत बोंबलाच्या निकालावर पापलेटाचं नाव आलं होतं. तुम्ही ते लाल केलं होतं. तारीख बघितली. शनिवार. नवी लायब्ररी त्याच्या पुढच्या सोमवारी सुरू झाली होती.

रडू तिथेच थांबलं.

अजून एक फाइल होती. तुमची ओळ मी माझ्या नावावर परत घातली, त्या नोंदीचा फोटो. खाली तुम्ही टाइप केलं होतं, “आता बरोबर.” ही शाबासकी होती की टोमणा होता, मला कळलं नाही. खरं तर मी त्याचा विचारही केला नाही. माझ्या डोक्यात फक्त शनिवार होता. तुम्हाला दोन दिवस आधी कळलं होतं. तुम्ही गप्प बसलात. मला तोंडावर पाडायला उलव्याच्या त्या बाईला तो दिवस काढायला लावलात.

मी लॅपटॉप घेऊन मंदारच्या केबिनमध्ये गेले. “बघ. दादांना सगळं माहीत होतं. मुद्दाम बोलले नाहीत.” दादा, तुमच्या बाराव्याला दोन दिवस झाले होते, आणि मी तुमची दुसरी तक्रार करत होते.

मंदारने उठून दार लावलं.

“बोलले होते,” तो म्हणाला. “रविवारी माझ्या घरी आले होते, सीवूड्सला. हे बोंबील-पापलेट घेऊन. म्हणाले, उद्या सुरू करू नकोस, नावं बदलतायत.”

“मग?”

“मला वाटलं, जोड काढून घेतली म्हणून करतायत. तूच म्हणाली होतीस ना, त्यांचं आता काही खरं मानू नकोस.”

मी लॅपटॉप मिटला. तो पुढे म्हणाला, “नंतर, ती ओळ तू परत घातलीस त्या सोमवारी मी त्यांना म्हटलं, दादा, माझी चूक झाली, सगळ्यांना सांगतो. तर म्हणाले, नको. तिला कळलंय. बस झालं.”

हे तुम्ही खरंच म्हणालात का, मला माहीत नाही. मंदारने सगळ्यांना काही सांगितलं नाही, यात त्याचीही सोय होती. गेलेल्या माणसाच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतं. कधी वाटतं, हे वाक्य तुमचंच आहे. कधी वाटतं, मला बरं वाटावं म्हणून त्याने ते रचलं.

जे मला करता येण्यासारखं होतं ते केलं. सगळ्यांना बोलावून झालं ते सांगितलं. कोडमध्ये त्या ओळीवर तुमचं नाव घातलं, आणि ती का आहे, काढली तर काय होतं, कोणाचं झालं, हे सरळ मराठीत लिहून ठेवलं. नावड्याला जाऊन रेश्माची तिच्या डॉक्टरांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, “मी सांगितलं होतं मॅडम,” आणि पुढचा पेशंट घेतला. वहिनी, तुम्ही माफ करावं असं मी म्हणत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं.

पण दादा, आपलं एक भांडण अजून बाकी आहे. त्या शनिवारी ऑफिसात आपण दोघंच काम करत होतो. तुमच्या टेबलापासून माझं टेबल आठ पावलांवर. बोंबलावर पापलेटाचं नाव आलं तेव्हा तुम्ही मला हाक मारली नाहीत. दुसऱ्या दिवशी सारसोळ्याहून सीवूड्सला मंदारच्या घरी गेलात. ज्या मुलीने तुमच्या एकाऐवजी दोन चुका काढल्या होत्या, तिला एकदा दाखवून बघायचं होतं. ती ऐकणार नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं. मी ऐकलं असतं.

तुम्ही असतात तर या वाक्यावर विश्वास ठेवला नसतात. मीही ठेवत नाही.